किट कारमध्ये रेडिएटर कुठे, कसा आणि कशाला जोडायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमध्ये माझदा एमएक्स-५ ची १.८ लिटरची जुनी गाडी सुटी करून तिच्या इंजिन-गिअरबॉक्सवर लोटस सेव्हनच्या (छोट्या, उघड्या, दोन आसनी ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या) धर्तीची किट कार, म्हणजे सुटे भाग घेऊन घरी जुळवायची गाडी, बांधणं चालू आहे. चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, तयार आहे, इंजिन अजून स्टँडवर आहे. माझदाचा मूळ रेडिएटर नाकात बसत नाही. तेव्हा ॲल्युमिनियमचा किती मोठा रेडिएटर घ्यावा, फॅन रेडिएटरच्या जाळीच्या (पाणी थंड करणाऱ्या गाभ्याच्या) पुढे लावावा की मागे, हीटर वगळला तर चालेल का, आणि ओळखीचे लोक सांगतात तसा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकावा का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तो सल्ला घातक आहे. थर्मोस्टॅट काढू नका. "गाडी तापते ना, मग थर्मोस्टॅट काढून टाक" हे आपल्याकडच्या गॅरेजांमध्ये वर्षानुवर्षं ऐकू येतं आणि इंग्लंडमध्येही ते सांगणारे भेटतात. थर्मोस्टॅट नसला की थंड हवेत इंजिन नीट तापतच नाही. इंजिन अजून गार आहे असं समजून ईसीयू (इंजिनचा संगणक) जास्तीचं पेट्रोल ओतत राहतो, ऑइलमधली वाफ उडून जात नाही आणि सिलिंडर लवकर झिजतात. शिवाय बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालच्या बाजूला एक चकती असते. तो उघडला की ती बायपासचं (रेडिएटरला टाळून जाणाऱ्या वाटेचं) तोंड बंद करते आणि सगळं पाणी रेडिएटरकडे वळतं. अशा इंजिनातून थर्मोस्टॅट काढला तर बायपास कायम उघडा राहतो, गरम पाणी रेडिएटरला न जाता तिथल्या तिथे फिरतं आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापते. नवा, चांगल्या कंपनीचा थर्मोस्टॅट घ्या. त्याच्या कडेला हवा सुटायला बारीक भोक असतं, ते बसवताना वरच्या बाजूला ठेवा.

आता आकार. या बाबतीत लोक गरजेपेक्षा जास्त काळजी करतात आणि पैसेही जास्त घालवतात. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानानं एक तृतीयांश वाटा कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात) जातो, जवळपास तेवढाच चाकांकडे आणि उरलेला सायलेन्सरमधून बाहेर. तुमचं इंजिन सुमारे १३० अश्वशक्तीचं, म्हणजे ९५ किलोवॅटच्या आसपासचं आहे. पण तेवढी ताकद तुम्ही रस्त्यावर सलग किती वेळ वापरणार? मोटरवेवर ताशी ११० किलोमीटरनं जाताना अशा हलक्या गाडीला २० किलोवॅटच्या आसपास पुरतात, आणि कूलंटमध्ये जाणारी उष्णताही त्याच घरातली असते. मूळ एमएक्स-५ चं वजन टनाच्या जवळपास, तुमची गाडी सहाशे-साडेसहाशे किलोत बसेल. घरी बांधलेल्या कितीतरी सेव्हनमध्ये दुसऱ्या पिढीच्या फोक्सवॅगन पोलोचा साधा रेडिएटर वर्षानुवर्षं चालला आहे, कारण तो नाकात बसतो आणि स्वस्त मिळतो. गाडी ट्रॅकवर पळवायची नसेल तर नाकात मावेल तेवढ्या रुंदीचा, ४० ते ५० मिलिमीटर जाडीच्या जाळीचा आडव्या प्रवाहाचा, म्हणजे पाणी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेणारा, रेडिएटर पुरे. जास्त जाड जाळी घेऊ नका. जाळी जाड झाली की हवेला आरपार जायला जड जातं, आणि सेव्हनच्या नाकात हवेचा दाब मुळातच कमी मिळतो.

खरं काम सुरू होतं ते हवेच्या वाटेपासून. रेडिएटर किती मोठा आहे यापेक्षा त्याच्यातून किती हवा जाते यावर तुमची गाडी तापेल की नाही हे ठरतं. हवा आळशी असते. नाकाच्या तोंडातून आत आलेल्या हवेला जाळीच्या कडेनं बोटभर फट दिसली तर ती जाळीत शिरणारच नाही, फटीतून निघून जाईल. किट कारमध्ये अशा फटी सगळीकडे असतात, कारण फायबरचं नाक एकाचं, रेडिएटर दुसऱ्याचा आणि ब्रॅकेट तुमचे. म्हणून नाकाच्या तोंडापासून जाळीच्या चौकटीपर्यंत चारही बाजूंनी पातळ ॲल्युमिनियम पत्र्याची पेटी करा. पत्रा आणि रेडिएटर जिथे भेटतात तिथे बंद पेशींचा फोम चिकटवा. उघड्या पेशींचा साधा स्पंज पाणी पितो आणि कुजतो, तो नको. तोंडाचं क्षेत्रफळ जाळीच्या पाव ते एक तृतीयांश असलं तरी चालतं, पण तोंडातून आलेली हवा जाळीवर पसरायला पेटी हळूहळू रुंदावत गेली पाहिजे आणि कुठेही गळता कामा नये.

पेटी झाली की गॅरेजमध्येच, गाडी उभी असताना, एक चाचणी करा. फॅन चालू करा, एक उदबत्ती पेटवा आणि रेडिएटरच्या चारी कडांनी हळूहळू फिरवा. धूर सरळ जाळीत ओढला गेला तर ठीक. कडेला कुठे धूर पुढच्या बाजूला ढकलला जात असेल तर तिथे फट आहे आणि फॅननं मागे फेकलेली गरम हवा त्या फटीतून पुन्हा जाळीसमोर येते आहे. ट्रॅफिकमध्ये गाडी तापण्याचं हे सगळ्यात सर्रास दिसणारं कारण आहे आणि त्याचा उपाय पाच पौंडांच्या फोममध्ये होतो. लोक मात्र दोनशे पौंडांचा नवा रेडिएटर घेतात.

आत आलेल्या हवेला बाहेरही पडता आलं पाहिजे. सेव्हनच्या इंजिनखान्यात मागे फायरवॉल (इंजिन आणि प्रवासी यांच्यामधली भिंत), बाजूला पॅनल आणि मध्ये एक्झॉस्टचे लाल होणारे पाइप. हवा कोंडली की आतला दाब वाढतो आणि पुढून नवी हवा शिरत नाही. बाहेर जायची वाट आत येणाऱ्या तोंडापेक्षा मोठी ठेवा. बोनेटच्या बाजूंना आणि वरच्या भागात लूव्हर (हवा जाण्यासाठीच्या तिरक्या फटी) कापा, इंजिनच्या खाली पूर्ण पत्रा लावून तळ बंद करू नका. बोनेटचे लूव्हर विंडस्क्रीनच्या अगदी बुडाशी नकोत. तिथे वेगात हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे हवा बाहेर पडण्याऐवजी आत येऊ शकते.

फॅन जाळीच्या मागे, हवा ओढणारा लावा. पुढे लावलेला ढकलणारा फॅन आणि त्याची मोटर वेगात येणाऱ्या हवेला अडवतात. मागे इंजिनच्या पुलीमुळे जागाच नसेल तरच पुढचा पर्याय. त्या वेळी ओढणाऱ्या फॅनच्या वायरी उलट्या करून काम भागवू नका, कारण पात्यांचा बाक एका दिशेसाठी असतो. पाती उलटी करता येणारा किंवा मुळातच ढकलणारा फॅन घ्या. फॅन आणि पुली यांच्यात किमान २० मिलिमीटर अंतर हवं, कारण रबरी माउंटवर इंजिन पुढे-मागे हलतं. जाळीतून प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून फॅन बांधायचे संच मिळतात, ते वापरू नका. कंपनानं पट्टी घासून ट्यूबला बारीक छिद्र पडतं. फॅन ॲल्युमिनियमच्या चौकटीवर बसवा आणि चौकट रेडिएटरच्या बाजूच्या कानांना बोल्ट करा. चौकटीनं जाळीचा बहुतेक भाग झाकला तर फॅन पूर्ण जाळीतून हवा ओढतो, नाहीतर फक्त त्याच्या गोलापुरतीच.

रेडिएटर चॅसीला घट्ट बोल्ट करू नका. खाली दोन रबरी बॉबिन (धक्का शोषणारे ठोकळे), वर दोन रबरी ग्रोमेट (भोकात बसणाऱ्या कड्या), आणि वरची पकड फक्त पुढे-मागे हलू नये इतपतच. सेव्हनची चॅसी खड्ड्यात पिळवटते आणि तो पीळ रेडिएटरच्या वेल्डवर आला की त्याच्या कडेच्या टाकीच्या कोपऱ्यातून गळती सुरू होते. रेडिएटरचं बूड चॅसीच्या खालच्या पाइपापेक्षा खाली जाता कामा नये, नाहीतर पहिल्याच उंच स्पीडब्रेकरवर खर्च. आयव्हीए तपासणीला, म्हणजे इंग्लंडात अशा गाडीची नोंदणी व्हायच्या आधीच्या सरकारी तपासणीला, बाहेरून हात लागू शकेल अशा कडा गोलसर लागतात. म्हणून नाकाच्या तोंडावरची संरक्षक जाळी (ग्रिल) आणि तिच्या कडा नीट गुळगुळीत करून घ्या.

आता पाण्याची वाट, आणि इथे तुमच्या इंजिनाची एक खास गोष्ट आहे. इंजिन स्टँडवर आहे म्हणून बरं झालं. माझदाचं हे इंजिन मुळात ३२३ या माझदाच्याच मोटारीसाठी आडवं बसवायला केलेलं. तिथे वॉटर पंप एका टोकाला आणि हेडमधून (इंजिनच्या वरच्या, व्हॉल्व असलेल्या भागातून) गरम पाणी बाहेर पडायचं दुसऱ्या, गिअरबॉक्सकडच्या टोकाला. म्हणजे पाणी ब्लॉक आणि हेड ओलांडून जायचं. १९८९ मध्ये एमएक्स-५ आली तेव्हा इंजिन उभं बसवलं आणि रेडिएटर पुढे असल्यामुळे पाणी बाहेर पडायचं तोंडही पुढे, पंपाच्याच बाजूला आणलं. त्यामुळे पंपातून आलेलं पाणी पुढच्या सिलिंडरांपाशीच जवळची वाट धरतं आणि मागच्या, चौथ्या सिलिंडरापर्यंत कमी पोहोचतं. मूळ गाडीत याला आधार मिळतो तो हीटरचा, कारण हीटरला जाणारा पाइप हेडच्या मागच्या टोकातून निघतो आणि पंपाच्या ओढीच्या बाजूला परत येतो. मागच्या सिलिंडरांजवळचं पाणी हलतं राहतं ते त्या पाइपामुळे.

आता कल्पना करा, किट कार बांधणारा म्हणतो हीटर कशाला, वजन वाचवू, आणि मागचं तोंड टोपण लावून बंद करतो. तापमानाच्या काट्यावर सगळं ठीक दिसू शकतं. मागे चौथ्या सिलिंडराच्या एक्झॉस्ट व्हॉल्वभोवती मात्र पाणी साचून राहतं. अशा गाडीत हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं तर ते मागूनच जाणार.

तेव्हा हीटरच्या बाबतीत माझं स्पष्ट मत आहे: लहानसा का होईना, हीटर लावा. इंग्लंडच्या दमट सकाळी काच पुसायला तो लागतोच, आणि काच असलेल्या गाडीला आयव्हीएत काचेवरचं धुकं घालवायची सोय दाखवावीच लागते. कुणी त्यासाठी विजेची तापणारी काच बसवतात, तीही चालते. पण हीटर नसेल तर मागचं तोंड आणि पंपाकडे परत जाणारा पाइप यांना १६ मिलिमीटरच्या होजनं थेट जोडा, बंद करू नका. त्यात थोडं गरम पाणी रेडिएटर चुकवून परत जातं, तो तोटा सोसण्यासारखा आहे.

याहून चांगला उपाय म्हणजे पाण्याची वाट मूळच्या ३२३ सारखी करणं. थर्मोस्टॅट हेडच्या मागच्या टोकाला न्यायचा, पुढचं तोंड बंद करायचं आणि मागून रेडिएटरच्या वरच्या तोंडापर्यंत पाइप आणायचा. यासाठी तयार ॲडॅप्टर मिळतात. साध्या १.८ ला, फक्त रस्त्यावर, याची सक्ती नाही. टर्बो लावणार असाल किंवा ट्रॅकवर जाणार असाल तर मी हे केल्याशिवाय इंजिन चॅसीत उतरवणार नाही, कारण नंतर फायरवॉल आणि हेड यांच्यामध्ये हात जात नाही. एक लक्षात ठेवा, या इंजिनाचा फॅनचा स्विच पुढच्या थर्मोस्टॅट घरात असतो आणि साधारण ९७ अंशांना फॅन लावतो. घर मागे नेलं तर स्विचलाही नवी जागा द्यावी लागेल.

पाण्यातली हवा बाहेर काढणं हा भाग बहुतेक जण शेवटी, जागा उरेल तिथे करतात, आणि तिथेच फसतात. मूळ एमएक्स-५ मध्ये झाकण रेडिएटरवर असतं आणि बाजूला बिनदाबाची बाटली. तिथे ते चालतं, कारण रेडिएटरचं तोंड पुरेसं उंच आहे. सेव्हनचं नाक बुटकं, त्यामुळे रेडिएटरचा माथा इंजिनच्या हेडपेक्षा खाली जातो. अशा वेळी रेडिएटरच्या झाकणातून पाणी भरायला गेलात तर ते काठोकाठ दिसेल, पण हेडच्या वरच्या भागात हवा तशीच राहील. इंजिन चालू झालं की तीच हवा गरम वाफेचा फुगा होऊन बसते.

म्हणून दाबाची वेगळी हेडर टाकी हवी, आणि ती संपूर्ण यंत्रणेत सर्वांत उंच हवी. फायरवॉलवर, बोनेटच्या खाली जेवढी वर बसेल तेवढी. रेडिएटरवर झाकण असेल तर तिथे दाब न सोडणारं बंद झाकण लावा आणि साधारण १ बारचं दाबाचं झाकण टाकीवर. टाकीच्या बुडातून १६ ते १९ मिलिमीटरचा पाइप पंपाच्या ओढीच्या बाजूला द्या. तुमच्या इंजिनात हीटरच्या परतीच्या पाइपाला टी (तीन तोंडांचा जोड) जोडून हे सोपं होतं. टाकीच्या वरच्या भागाला दोन बारीक, ६ ते ८ मिलिमीटरचे पाइप आणा, एक रेडिएटरच्या गरम बाजूच्या वरच्या कोपऱ्यातून आणि एक हेडजवळच्या सर्वांत उंच जागेतून. हे पाइप सतत चढत गेले पाहिजेत, मध्ये कुठे खाली झोळ नको. त्यांतून थोडं पाणी कायम टाकीत येत राहतं, बरोबर बुडबुडे आणतं, बुडबुडे वर सुटतात आणि निव्वळ पाणी खालून पंपाकडे जातं.

टाकी १ लिटरची पुरे. सगळी यंत्रणा सुमारे ६ लिटरची धरा. कूलंट गार असताना भरलेलं, ९० अंशांना गेलं की पाच टक्क्यांपर्यंत फुगतं, म्हणजे जवळपास ३०० मिलिलिटर. तेवढी मोकळी जागा टाकीत वर असलीच पाहिजे.

होज पाइपांत जास्त वेळ घालवत नाही. जिथे होज चढवायचा त्या प्रत्येक धातूच्या नळीच्या टोकाला उंचवटा, म्हणजे बीड, हवाच. गुळगुळीत नळीवर कितीही क्लिप आवळली तरी एक दिवस दाबानं होज निसटतो आणि तो दिवस मोटरवेवरचाच असतो. पंपाच्या ओढीकडचा खालचा होज मऊ असेल तर जास्त आरपीएमला आत चपटा होतो, म्हणून तिथे जाड भिंतीचा किंवा आत स्प्रिंग असलेला घ्या. सिलिकॉनचे रंगीत होज दिसायला छान, पण त्यांना आतून गुळगुळीत पट्टीच्या क्लिपा लागतात. साध्या, खाचा कापलेल्या क्लिपेनं ते चिरतात. साधे काळे रबरी होज रस्त्यासाठी अगदी उत्तम आहेत.

फॅनची वायरिंग रिलेवरूनच (लहान विजेनं मोठी वीज चालू करणाऱ्या स्विचवरून) करा. फॅन १० ते १५ अँपिअर खातो आणि सुरू होताना क्षणभर त्याहून खूप जास्त. रिलेचा मुख्य पुरवठा थेट बॅटरीवरून फ्यूजमधून घ्या आणि फक्त कॉइल इग्निशनवर ठेवा. फॅनचा पुरवठाच इग्निशनच्या वायरीवरून घेतला तर किल्ली बंद केल्यावर फिरता फॅन उलटी वीज देतो आणि इंजिन काही क्षण बंदच होत नाही. थर्मोस्विचला (तापमानावर चालणाऱ्या फॅनच्या स्विचला) समांतर एक हाताचं बटण डॅशवर द्या. आणि स्विच रबरी होजच्या मधल्या ॲल्युमिनियम तुकड्यात बसवणार असाल तर तो एका पिनेचा आहे का ते पाहा. दोन्हीकडे रबर असल्यामुळे त्या तुकड्याला अर्थिंग मिळत नाही आणि फॅन कधीच लागत नाही. तुकड्याला वेगळी अर्थ वायर द्या किंवा दोन पिनेचा स्विच घ्या.

अर्थिंगवरून आणखी एक. फायबरच्या अंगाच्या गाडीत इंजिन ते चॅसी अर्थची पट्टी कमकुवत असेल तर वीज कूलंटमधून वाट काढते आणि ॲल्युमिनियम रेडिएटर आतून खाते. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं टाकीतल्या पाण्यात धरा, रेडिएटरला टेकू देऊ नका. स्टार्टर मारताना आणि फॅन-दिवे चालू असताना ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आधी अर्थच्या पट्ट्या सुधारा.

कूलंट निम्मं ग्लायकॉल (अँटीफ्रीझ) आणि निम्मं डिआयोनाइज्ड पाणी. लंडन आणि आग्नेय इंग्लंडमधलं नळाचं पाणी जड आहे, ते घालू नका. हे मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपास गोठतं आणि १ बारच्या झाकणाखाली १२५ अंशांपर्यंत उकळत नाही. शुद्ध पाणी उष्णता जास्त चांगली वाहतं हे खरं आहे. विद्यार्थ्यांनी बांधलेल्या रेसिंग गाड्यांच्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेच्या नियमांत तर फक्त पाणीच चालतं, ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं तर घसरडं होतं म्हणून. पुण्याच्या कॉलेजांतले जे विद्यार्थी अशा गाड्या बांधतात त्यांना हे पाठ असतं. पण त्या गाड्या थंडीत रात्रभर बाहेर उभ्या राहत नाहीत, तुमची राहील.

पहिल्यांदा कूलंट भरल्यावर, इंजिन चालू करण्याआधी, हातपंपानं यंत्रणेत १ बार दाब भरा आणि वीस मिनिटं काटा पाहा. काटा उतरला तर कोरड्या कापडानं एकेक जोड पुसत गळती शोधा. मग गाडीचं नाक जॅकनं वर उचला, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, उरलेलं कूलंट हळूहळू भरा आणि मोठे होज हातानं दाबत राहा, टाकीत बुडबुडे येणं थांबेपर्यंत. झाकण लावून इंजिन निवांत चालू द्या. थर्मोस्टॅट उघडला की रेडिएटरचा वरचा होज अचानक गरम होतो. खालचा त्यानंतर कोमट झाला पाहिजे. खालचा गारच राहिला आणि काटा चढत गेला तर आत हवा अडकली आहे, इंजिन बंद करा. फॅन आपोआप दोनदा लागून बंद होईपर्यंत गाडी हलवू नका. गरम असताना टाकीचं झाकण कधीही उघडू नका. पूर्ण गार झाल्यावरच उघडा आणि उतरलेली पातळी भरा.

रस्त्यावर गेल्यावर काटा कधी चढतो ते नीट टिपून ठेवा. सिग्नलला उभं राहिल्यावर चढतो आणि चालायला लागल्यावर उतरतो, तर दोष फॅन, चौकट किंवा कडेच्या फटींत. उलट ट्रॅफिकमध्ये ठीक आणि मोटरवेवर चढत जातो, तर पाणी कमी फिरतंय, खालचा होज चपटा होतोय किंवा इंजिनखान्यातली हवा बाहेर पडत नाही. ही दुसरी तक्रार आली तर आधी बोनेटची मागची कड दोन सेंटिमीटर उचलून बांधा आणि एक फेरी मारून या. काटा उतरला तर लूव्हर कमी पडताहेत. उलट चढला तर काचेच्या बुडाचा दाब आत शिरतोय. त्या वेळी मागची कड बंद करा आणि बाजूच्या पॅनलमध्ये लूव्हर वाढवा.

पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर सगळ्या क्लिपा गार इंजिनावर एकदा आवळा, कारण नवे होज थोडे बसतात. रेडिएटरखालच्या बॉबिनचं रबर फाटलंय का तेही त्याच वेळी पाहून घ्या.